तबकडीच्या पलीकडचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

मी बेळगावात कंठसंगीत शिकणारी विद्यार्थिनी आहे. ज्या कलावंतांनी माझ्या ऐकण्याला वळण लावले त्यांच्याविषयी बोलायचे ठरले, तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी बहुतेकांना मी समोर बसून कधीच ऐकलेले नाही. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व ही सारी मंडळी माझ्यापर्यंत पोहोचली ती ध्वनिमुद्रिकांतून आणि आकाशवाणीवरून. कोणीतरी त्यांना बोलावून घेतले, काय गायचे आणि किती वेळ गायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवले, मायक्रोफोन कुठे ठेवायचा याचा विचार केला, म्हणून ते गाणे आज उरले आहे. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची नावे आमच्या वर्गांत क्वचितच घेतली जातात. आज मी कलावंतांच्या बरोबरीने त्यांच्याविषयीही बोलणार आहे, कारण आमच्या पिढीच्या तालमीत त्यांचाही वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले, तर या परंपरेचा आरंभ ध्वनिमुद्रणाच्याही आधी होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. नाटककार म्हणून त्यांचा गौरव आपण करतोच. परंतु कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली निवडून त्या पदांना देणे, भाऊराव कोल्हटकरांसारखा आवाज हेरून त्याला योग्य भूमिकेत उभे करणे, ही कामे आज ज्याला आपण संगीतनिर्माता म्हणतो त्याचीच होती. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला दोन्हींकडच्या चाली सारख्याच जवळच्या वाटल्या असतील, तर त्यात नवल नाही.

यानंतर आले यंत्र. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोराने गायचे, आणि त्या आवाजाच्या दाबाने सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायक शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असत. तबकड्या छापण्याचा कारखाना १९०८ साली कोलकात्यातच निघाला, तोवर हीच रीत होती.

या यंत्राची खरी सत्ता वेळेवर होती. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या गायकीत एक राग तासभर मांडायचा, तिला या मर्यादेत बसवायचे म्हणजे आलापाला जवळजवळ निरोप द्यायचा, बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, लगेच हाती घ्यायचा, रागाचे ठळक चलन दाखवून चार-दोन ताना घ्यायच्या आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठून थांबायचे. पुष्कळ जण याला गाण्याची हानी मानतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. साडेतीन मिनिटांत राग उभा करताना गायकाला त्यातले सर्वांत महत्त्वाचे काय, याचा निर्णय आधी करावा लागत असे, आणि हा निर्णय विद्यार्थ्याला ऐकू येतो. यमन शिकताना जुन्या तबकड्यांतले यमन एकामागून एक ऐकले, तर कोणता गायक निषादावर प्रथम थांबतो आणि कोणता गंधारावर, हे काही मिनिटांत कळते. दीर्घ मैफलीत तेच समजायला फार दिवस लागले असते.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उदाहरणातून यंत्राचा दुसरा परिणाम समजतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी भोंग्यासमोर गायलेल्या तबकड्या आहेत आणि १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी मायक्रोफोनसमोर गायलेल्याही आहेत. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास जगभर आले आणि त्यानंतर आवाज फेकण्याची सक्ती उरली नाही. खाँसाहेबांचा आवाज मुळात नाजूक, सुरावर हलकेच टेकणारा. भोंग्याच्या काळातल्या तबकडीत त्या आवाजाची केवळ बाह्यरेषा सापडते. मिरजेत स्थिरावलेल्या या गायकाच्या उत्तरायुष्यातल्या झिंझोटीत आणि भैरवीत मात्र एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाताना मध्ये काय घडते, तेही ऐकू येते. गायक तोच होता; फरक पडला तो यंत्राने आणि ते यंत्र समजून घेणाऱ्या तंत्रज्ञाने. आपल्याकडे किराणा गायकीची, म्हणजे खाँसाहेबांच्या घराण्याच्या गाण्याची, ओढ एवढी खोलवर रुजली, त्याचे बरेचसे श्रेय खाँसाहेबांच्या कुंदगोळच्या शिष्याला, सवाई गंधर्वांना, जाते. पण या तबकड्यांनाही ते द्यायला हवे. लहानपणी खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले, असे भीमसेन जोशी सांगत असत. रोण या गावात जन्मलेल्या त्या मुलाला खाँसाहेबांच्या मैफलीला जाणे शक्य नव्हते, तरीही ते गाणे त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

ज्यांच्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो ते निर्माते म्हणजे जी. एन. जोशी. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ हे त्यांनी गायलेले गीत मराठी भावगीताच्या अगदी आरंभीच्या गीतांत गणले जाते. गायक म्हणून नाव झालेला हा माणूस १९३८ च्या सुमारास एचएमव्ही कंपनीत दाखल झाला आणि पुढची सुमारे तीन दशके तिच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणांची धुरा त्यांनी वाहिली. बडे गुलाम अली खाँ, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा अनेकांना त्यांनी मायक्रोफोनसमोर बसवले. स्वतः गाणारा माणूस काचेपलीकडे बसलेला असला म्हणजे गायकाला कुठे श्वास हवा आहे, तंबोरा किती वर असावा, साथीदार कुठे बोचतो आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. त्यांच्याच कल्पनेतून १९६७ साली संतूर, बासरी आणि गिटार यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घवादिका, म्हणजे एलपी तबकडी, निघाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघे तेव्हा तरुण होते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या क्रमाने मांडायचा, या एका सूत्राने तीन वादक बांधले गेले. त्या काळात संतूर आणि गिटार यांना रागसंगीतात मान मिळवायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीतले धाडस कळते.

जोशींचे आपल्या भागाशी एक नाते आहे आणि ते मला फार प्रिय आहे. १९१३ साली धारवाडला जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या, आणि त्यांत मराठी भावगीते आहेत, जी. एन. जोशींबरोबर गायलेले द्वंद्वगीतही आहे. कानडी घरातली ही तरुण गायिका मराठी शब्द गाते आहे, आणि आवाज उंच, बारीक व लवचिक आहे. पुढे घशावरील उपचारांनंतर त्यांचा आवाज बदलला, रुंद आणि खर्जाकडे झुकलेला झाला, आणि त्याच आवाजाने त्यांनी ख्यालगायनात आपले स्थान निर्माण केले. गांधारी आणि गंगूबाई या दोघींना एकापाठोपाठ एक ऐकावे, अशी माझी प्रत्येक विद्यार्थ्याला विनंती आहे. आवाज बदलला म्हणजे गाणे संपले, असे ज्या मुलामुलींना वाटते त्यांच्यासाठी तर हे ऐकणे अत्यावश्यक आहे. ती जुनी तबकडी निघाली नसती, तर या परिवर्तनाचा पुरावाच आपल्याजवळ उरला नसता.

पुरावा न उरण्याचे दुःखही आपल्या परिसराला ठाऊक आहे. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तबकड्यांचा व्यवसाय तेव्हा भरभराटीला आलेला होता, तरीही त्यांचे गाणे मुद्रित झालेले नाही. ते आपण ऐकतो ते केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून, आणि खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यातून. मन्सूरांच्या दीर्घ ध्वनिमुद्रणांत एकमेकांत गुंफलेले राग आणि श्वास न सोडता पुढे सरकणारी लय ऐकताना त्यामागच्या मूळ आवाजाचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज हा शेवटी अंदाजच.

आता आकाशवाणीकडे वळते. निर्मात्याची कल्पना किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण म्हणजे पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांनी योजलेले ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक, अशी छप्पन गीते गदिमांनी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केली. दर आठवड्याची मुदत नसती तर ते काव्य इतके सलग आणि इतके नेमके झाले असते का, याची मला शंका वाटते.

परंतु निर्णय घेणाऱ्यांच्या हातून मौनही निर्माण होते, आणि ही गोष्ट बेळगावकरांनी विसरू नये. १९४० साली आकाशवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या संगीत कार्यक्रमांतून बाहेर काढले. पेटीचे स्वर आधीच बांधलेले असतात, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, येत नाही, श्रुतींचे म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, ही त्यामागची कारणे होती. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या व्यक्तीचाही पेटीला विरोध होता. कारणे खोटी नव्हती, हे मी मान्य करते. सारंगीला त्या काळात आधार मिळाला, हेही खरे आहे. तथापि ही बंदी १९७१ पर्यंत चालली आणि त्यानंतरही प्रथम साथीपुरतीच सवलत मिळाली. काकतीला १९१७ साली जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे, ज्यांनी बेळगावात कित्येक पिढ्यांना पेटी शिकवली, ते या बंदीच्या आरंभी तेवीस वर्षांचे होते आणि ती सैल झाली तेव्हा चौपन्न वर्षांचे. म्हणजे बोटांत सर्वाधिक तयारी असण्याचा संपूर्ण काळ त्यांचे वाद्य नभोवाणीच्या दाराबाहेर होते. मैफलींत मात्र याच काळात पेटीवादकांनी गायकाच्या मागे सावलीसारखे राहूनही स्वतःचे वजन राखण्याची कला वाढवली. ती साथ आकाशवाणीच्या संग्रहात त्या तीस वर्षांपुरती नाही. आमच्या गावात पेटी शिकणारी मुले आजही मोठ्या संख्येने आहेत; त्यांना आपल्या वाद्याचा हा इतिहास सांगितला गेला पाहिजे.

कुमार गंधर्वांविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा थोरांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसाच गात असे, आणि त्या अनुकरणाचेच लोकांना आश्चर्य वाटे. पुढे मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधरांकडे त्यांना अशी तालीम मिळाली की ज्यात अनेक घराण्यांचे गाणे मोकळेपणाने ऐकायची आणि त्यावर विचार करायची मुभा होती. क्षयाच्या आजारात देवासला अंथरुणावर असताना त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि त्यातून नवे राग व नवे उच्चार घडवले. आजारानंतरच्या ध्वनिमुद्रणांत लहान, तुटक, अचानक उसळणारे आलाप आहेत. फुप्फुसाची मर्यादा त्यांनी लपवली नाही, तिच्यावर शैली उभारली. शिवाय ‘गीतवर्षा’सारखे ऋतूंवर आधारलेले कार्यक्रम त्यांनी स्वतः आखले. कलावंत आणि निर्माता यांच्यातली भिंत त्यांच्या ठिकाणी उरलीच नाही. आम्ही विद्यार्थी सहसा त्यांच्या आलापांची नक्कल करतो, आणि माझ्या मते त्यांच्याकडून शिकण्याची ती सर्वांत निष्फळ पद्धत आहे. ज्याने नक्कल लहानपणीच पूर्ण करून बाजूला ठेवली, त्याच्याकडून ऐकण्याची रीत शिकावी.

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्यामुळे निर्मात्याची जबाबदारी आमच्यावरच आली आहे. माझे सहाध्यायी गाणे मुद्रित करून त्यावर भरपूर घुमारा चढवतात, सूर यंत्राने सरळ करून घेतात. सरळ केलेल्या सुरात मींडेची वळणे दबतात, आंदोलित गंधार सपाट होतो, आणि दरबारी रागाचा दरबारीपणा जातो. आमच्या वर्गात आता आम्ही वेगळी पद्धत ठरवली आहे: फोन गायकाच्या तोंडासमोर न ठेवता थोडा दूर आणि उंचावर ठेवायचा, तंबोरा आणि पेटी दोन्ही स्पष्ट येतील असे पाहायचे, पंखा बंद करायचा, आणि नंतर आवाजावर कोणताही संस्कार करायचा नाही. गुरुजींचे मधले बोलणेही आम्ही कापत नाही, कारण कानडीत दिलेली सूचना आणि मराठीत केलेली दुरुस्ती हाही आमच्या तालमीचाच भाग आहे.

श्रोतेहो, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक घरांत गणेशोत्सवातील आणि खासगी बैठकींतील गाण्यांच्या जुन्या कॅसेट आणि स्पूल अजूनही ट्रंकांत पडून आहेत. त्यांची फीत ओलीने चिकटते आणि बुरशीने खराब होते, म्हणून त्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, घरच्या जुन्या यंत्रावर लावून पाहण्याची घाई करू नये, आणि जाणकाराकडून त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी. तोपर्यंत, ज्यांना ती बैठक आठवते अशी वडीलधारी माणसे घरात असतील, तर त्यांना विचारून गायक कोण, गाव कोणते, तबल्याला आणि पेटीला कोण बसले होते, एवढे तरी पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.

नमस्कार.