डोपामिन, व्हिटॅमिन सी आणि साबणाचा एक थेंब

स्क्रीनवर हे जे काळं, टिकलीएवढं दिसतंय ना, तो कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवून करंट मोजायचं टोक. ग्राफाइटची पूड आणि सिलिकॉन ऑइल, साधारण ७० ला ३०, खलात अर्धा तास घोटायचं, बारीक नळीत ठासून भरायचं, मागून तांब्याची तार खोचायची आणि तोंड साध्या कागदावर घासून चकचकीत करायचं, झालं काम. ही आयडिया अमेरिकेत कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या राल्फ अ‍ॅडम्स यांची, १९५८ ची, आणि १९७३ मध्ये याच माणसाच्या ग्रुपने इलेक्ट्रोड थेट उंदराच्या मेंदूत घालून बघितला!

मेंदूत मोजायचं असतं डोपामिन, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. त्याचा रेणू इलेक्ट्रोडला टेकला की दोन इलेक्ट्रॉन, दोन प्रोटॉन सोडून (यालाच ऑक्सिडाइज होणं म्हणतात) क्विनोन नावाचा वेगळा रेणू होतो, आणि करंट किती आला त्यावरून डोपामिन किती ते कळतं. पण तिथेच अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी, कितीतरी पट जास्त असतं आणि साध्या कार्बनवर ते जवळपास त्याच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतं, मग व्होल्टेज आणि करंटच्या ग्राफवर दोघांचा मिळून एकच पसरट उंचवटा, कोणाचा किती काही पत्ता लागत नाही.

आता एसडीएस. शाम्पूत फेसासाठी घालतात त्याच जातीचा सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ. पिपेटने १० मायक्रोलिटर पेस्टवर सोडायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, पाण्याने धुवायचं. १२ कार्बनची शेपटी तेलकट पेस्टला चिकटते, सल्फेटचं डोकं पाण्याकडे, त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज. पीएच ७.४ ला डोपामिन पॉझिटिव्ह असतं म्हणून ते खेचलं जातं आणि अ‍ॅस्कॉर्बेट (पाण्यातलं व्हिटॅमिन सी) निगेटिव्ह, त्याला दारातूनच परत पाठवतात. डोपामिनचा पीक, म्हणजे ग्राफवरचा उंचवटा, वर चढतो, अ‍ॅस्कॉर्बेटचा बसतो.

सीटॅब, म्हणजे पॉझिटिव्ह डोक्याचा सरफॅक्टंट, लावलं तर सगळं उलटं, आणि खरं सांगायचं तर मला हीच गंमत जास्त आवडते, कारण अ‍ॅस्कॉर्बेट आत ओढलं जाऊन कमी व्होल्टेजलाच ऑक्सिडाइज होतं आणि दोन पीक आपोआप लांब होतात. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या कुवेंपू विद्यापीठातून अशा इलेक्ट्रोडवर बरेच पेपर आलेत.

मग जास्त ओतलं तर अजून भारी? नाही हो. पाण्यात एसडीएस साधारण ८ मिलिमोलरच्या पुढे गेलं की त्याचे गोळे बनतात, मिसेल म्हणतात त्यांना, डोपामिन त्यांनाच चिकटून द्रावणात फिरत बसतं, एवढं धूड इलेक्ट्रोडपर्यंत यायला वेळ लावतं, आणि चढलेला करंट पुन्हा खाली येतो.