मी त्या सिनेमाला रटाळ म्हणाले होते, तेव्हा माझा एक इअरफोन बंद होता

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच माफी मागून टाकते. शेवटी मागितली, तर तोवर अर्धे लोक पळालेले असतात.

या चॅनेलवर माझा एक जुना व्हिडिओ आहे. त्यात मी 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला पाचपैकी दोन तारे दिलेत. आणि वर तोंड करून म्हणालेय, "एक कुटुंब बागेत बसतं, जेवतं, झोपतं. बाकी या सिनेमात काही घडतच नाही."

तर तो सिनेमा मी बघितला कसा होता, ते सांगते. लॅपटॉपवर. रात्री, घरातले झोपलेले, म्हणून कानात इअरफोन. त्यातला डावा मेलेला. आणि संथ आहे असं ऐकलं होतं, म्हणून वेग आधीच सव्वापट करून ठेवलेला. १०५ मिनिटांचा सिनेमा मी ८४ मिनिटांत उरकला. २१ मिनिटं वाचवली. त्यांचं पुढे काय केलं, काही आठवत नाही.

ज्या सिनेमाची निम्मी गोष्ट आवाजात आहे, तो एका कानाने आणि घाईत ऐकला. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मध्यंतरी तो परत बघितला. धड हेडफोन लावून, आहे त्या वेगात. त्यानंतर गेल्या दोन-तीन वर्षांतले बाकीचे सिनेमेही मी कान उघडे ठेवून परत काढले, आणि माझी बरीच मतं गडबडली. आज त्याबद्दल बोलू.

आधी एक छोटी गंमत. डोळे मिटा. दहा सेकंद मी गप्प बसते.

(स्क्रीन काळी. दहा सेकंद.)

काय ऐकू आलं? पंखा? फ्रिज? शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलतंय? हे सगळं मगाशीही चालूच होतं, फक्त तुमच्या लक्षात नव्हतं. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' सुरू होतो तो असाच. नाव येतं, विरतं, आणि पडदा काळाच राहतो, चांगला रेंगाळतो. खाली मिका लेव्हीचं संगीत घसरत घसरत खोल जातं आणि मग पाखरांचा आवाज येतो. पहिल्या वेळी मला वाटलं, फाइल अडकली. मी पुढे ढकलली होती! म्हणजे दिग्दर्शक सांगत होता की बाई, आता कान लाव, आणि मी त्याचं पहिलंच वाक्य गाळून पुढे गेले.

गोष्ट काय, तर रुडॉल्फ होस. हा खराखुरा माणूस, नाझींनी जिथे लाखो ज्यूंना मारलं त्या आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख. तो, त्याची बायको हेडविग आणि मुलं छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात. छान बाग आहे, मुलांना डुंबायला छोटा तलाव आहे. भिंतीपलीकडे जे चाललंय ते कॅमेरा आपल्याला दाखवत नाही.

पण ऐकू येतं, आणि सतत येतं. भट्टी पेटलेली असावी तशी खालच्या पट्टीतली एक घरघर. लांबून एखादी गोळी. कुणाचा तरी आवाज चढतो आणि मधेच तुटतो. कुत्रं भुंकतं, ते घरातलं की पलीकडचं, कळत नाही. आणि हे सगळं चालू असताना हेडविग बाळाला कडेवर घेऊन फुलं दाखवत फिरते.

भिंतीपलीकडचा एकही आवाज शूटिंगच्या वेळी नटांच्या कानांवर नव्हता. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर आणि छायालेखक लुकाश झाल यांनी घरात एका वेळी दहापर्यंत कॅमेरे दडवून ठेवले होते, आणि खोलीत युनिटचं कोणीही नाही. नट तिथे नुसते राहत होते म्हणा ना. भिंतीपलीकडचं जग नंतर रचलं गेलं. साउंड डिझायनर जॉनी बर्न यांनी त्यासाठी सुमारे ६०० पानांचं टिपण तयार केलं होतं: जिवंत बचावलेल्या लोकांच्या साक्षी, छावणीचा नकाशा, कुठला आवाज किती अंतरावरून येईल याचा विचार. ६०० पानं! आणि माझा डावा इअरफोन बंद.

आता ज्या प्रसंगाने माझी झोप उडवली, तो सांगते. हेडविगची आई राहायला येते. लेकीचं घर, बाग बघून खूश होते. रात्री तिला जाग येते, खिडकीत लालसर उजेड, आणि तो आवाज. सकाळी बघतात तर आई नाही. कुणाला न सांगता, एक चिठ्ठी ठेवून निघून गेलेली.

पहिल्या वेळी मी म्हटलं, बरं, गेली तर गेली. या वेळी तो प्रसंग आला आणि मला दचकल्यासारखं झालं, कारण माझ्या लक्षात आलं की मधली वीसेक मिनिटं मला ती घरघर ऐकूच आली नव्हती. ती थांबली नव्हती. मला तिची सवय झाली होती. एकसारखा येणारा आवाज आपला मेंदू आपणहून बाजूला टाकतो, मगाशी पंखा टाकला तसा. त्या घरात नवे कान फक्त आईचे होते. आणि मी, भिंतीच्या अलीकडे बागेत बसलेली, अर्ध्या तासात हेडविगसारखी झाले होते. एवढं मोठं काम या सिनेमाने माझ्याकडून करून घेतलं आणि मी म्हणत होते, काही घडत नाही.

(पाणी पिते.)

मार्च २०२४ च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ध्वनीचा पुरस्कार या सिनेमाला मिळाला. त्या यादीत 'ओपनहायमर'ही होता, ज्याने त्या रात्री सात ऑस्कर नेले. अणुबॉम्बच्या सिनेमाला आवाजाचं ऑस्कर नाही आणि बागेच्या सिनेमाला आहे, यावरून तेव्हा मी जाम हसले होते. तेही मागे घेते.

'ओपनहायमर'वर मात्र मला भांडायचं आहे. आधी जे भारी आहे ते. १६ जुलै १९४५, ट्रिनिटी, म्हणजे अणुबॉम्बची पहिली चाचणी. स्फोट होतो आणि आवाज गायब. फक्त श्वास. ही नुसती दिग्दर्शकाची लहर नाही. बॉम्ब बनवणाऱ्यांचा प्रमुख शास्त्रज्ञ ओपनहायमर ज्या बंकरपाशी होता, तो स्फोटाच्या जागेपासून साधारण ९ किलोमीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे त्याला तिथवर यायला पंचवीसेक सेकंद लागणारच. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने तो अवधी ताणलाय, चांगलाच ताणलाय. आणि तेवढ्या वेळात तुम्ही त्या आगीकडे नुसतं बघत राहता. स्फोटाबरोबरच धडाम केलं असतं, तर आपण दचकून मोकळे झालो असतो.

त्याहून मला आवडते ती पायांची धमधम. सिनेमात ती आधीपासून मधेच येते, कशाची ते कळत नाही. आगगाडी? यंत्र? बॉम्ब पडल्यानंतर ओपनहायमर भाषणाला उभा राहतो तेव्हा उलगडा होतो, की समोर बसलेले लोक आनंदाने पाय आपटतायत. जयजयकाराचा आवाज त्याला आधीपासूनच छळत होता.

आता भांडण. तीन तासांच्या या सिनेमात लुडविग योरान्सनचं संगीत जवळजवळ थांबतच नाही. दोन माणसं टेबलापाशी बसून फायली चाळतायत आणि मागे व्हायोलिनं अशी धावतायत, की आता कुणीतरी खिडकीतून उडी मारणार. आणि संवाद त्याच्याखाली. नोलन संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा डब करून घेत नाही, सेटवर नट जे बोलला तेच ठेवतो. त्यात त्याचे आयमॅक्सचे, म्हणजे भल्यामोठ्या पडद्यासाठीचे, फिल्म कॅमेरे खडखड करणारे. तत्त्व म्हणून मला हे पटतं, कारण नटाचा त्या क्षणीचा आवाज परत येत नाही. पण मग त्यावर एवढं संगीत का ओतायचं? ज्याला सेटवरचा श्वाससुद्धा जपायचाय, त्यानेच तो बुजवायचा? मला हे आजही कळलेलं नाही, आणि हे मत मी बदललेलं नाही.

संवाद ऐकू न येण्यात सगळा दोष दिग्दर्शकाचा नसतो, हेही सांगायला हवं. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर ० ते १० आकडे असतात. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याचं काम, होतं ते ७ हा आकडा धरून. सिनेमे कर्कश व्हायला लागले, प्रेक्षक कुरकुरायला लागले, मग थिएटरवाले आवाज पाचावर आणतात. स्फोट सुसह्य होतो आणि कुजबुज पार बुडते. घरी तर आणखी मजा. थिएटरमध्ये संवाद बहुतेक पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि बाकीचे आवाज आजूबाजूने. लॅपटॉपवर हे सगळं दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबलं जातं. शिवाय ते स्पीकर जाड, खालचे आवाज नीट काढूच शकत नाहीत. म्हणजे होस कुटुंबाच्या घरामागची ती घरघर? तिथे ती जवळजवळ नसतेच. भिंतीपलीकडचं सगळं गायब, उरते फक्त बाग.

आता जरा हलकं काहीतरी. 'फ्लो'! लॅटव्हियाचा, २०२४चा, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला ॲनिमेशनपट. एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक सेक्रेटरी पक्षी आणि एक कॅपिबारा (भलाथोरला, उंदराच्या जातीतला प्राणी) पुरात एका होडीवर. संवाद शून्य. मांजर म्यावच करतं, आणि तो आवाज साउंड डिझायनरच्या स्वतःच्या मांजरीचा. बाकीचे प्राणीही खऱ्या प्राण्यांच्याच आवाजात आहेत. फक्त कॅपिबाराने घोळ घातला. तो दिसतो कसा, पोक्त, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या मामासारखा. आणि खऱ्या कॅपिबाराचा आवाज निघाला बारीक, किरटा. शेवटी त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला. मला हे कळल्यापासून मी त्याच्याकडे गंभीरपणे बघूच शकत नाही. पण दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसचा निर्णय बरोबर होता, खऱ्यापेक्षा खोटा आवाज इथे जास्त खरा वाटतो. या सिनेमाने लॅटव्हियाला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं.

'वॉरफेअर' पटकन सांगते. २०२५चा युद्धपट, पार्श्वसंगीत नाही. स्फोट होतो आणि पुढे कितीतरी वेळ सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं, कानात दडे बसलेले. चित्रण जबरदस्त, माणसं मात्र एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. साडेतीन तारे.

'सिनर्स'वर आले की मी थांबत नाही, त्यामुळे एकाच प्रसंगाबद्दल बोलते. १९३२ सालचं मिसिसिपी, नाचगाण्याचा अड्डा, सॅमी नावाचा पोरगा गिटार घेऊन ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गातो. आणि त्याच्या गाण्यात आधीचे आणि नंतरचे सगळे येऊन मिसळतात. आफ्रिकन ढोल, इलेक्ट्रिक गिटार, डीजे, हिपहॉप. संगीत पुन्हा त्याच योरान्सनचं, ज्याच्यावर मी मगाशी भडकले होते! फरक एवढाच की इथे संगीत भावनेवर रंग चढवायला आलेलं नाही, तोच प्रसंग आहे. एक गाणं मधेमधे ताल बदलतं आणि तरी तुटत नाही. बघताना डोळे नर्तकांवर जातात. पुढच्या वेळी फक्त तालाच्या मागे जा. सॅमी झालेला माइल्स केटन, त्याचा हा पहिलाच सिनेमा, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आणि आपल्या भाषेतला 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. २०२५च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. वडील गेल्यावर आनंद गावी येतो, दहा दिवसांसाठी, आणि तिथे बाळ्या, त्याचा लहानपणचा मित्र. दोघांतलं प्रेम हळूहळू उमलतं. पार्श्वसंगीत नाही. तुम्ही विचार करा, प्रेमकथा, आणि 'आता हळवे व्हा' असं सांगायला एक बासरीसुद्धा नाही. पहिली दहा मिनिटं मी अक्षरशः वाट बघत होते की आता सुरू होईल. नंतर लक्षात आलं, की नातेवाइकांचं बोलणं, भांडी, किडे, गुरं, यातच मी त्या दोघांचा एखादा शब्द पकडायला पुढे सरकून बसलेय. चोरून भेटणाऱ्या माणसांना जसं कान टवकारून बसावं लागतं, तशीच मी बसले होते.

आता तो जुना व्हिडिओ. बऱ्याच दिवसांनी काल मी तो पूर्ण ऐकला, धड हेडफोन लावून. मतं वाईटच आहेत. पण माझ्या बोलण्याच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक घरघर ऐकू येते. लॅपटॉपचा पंखा. दोन दिवस बसून मी तो व्हिडिओ एडिट केला होता, आणि ती मला एकदाही ऐकू आली नव्हती.

तो मी काढून टाकत नाहीये. फक्त तारे बदललेत.