वेढा पडलाय, वेशीचं दार उघडायचं का?

नमस्कार मंडळी. आज थोडं 13व्या शतकात जाऊ. थॉमस अक्वायनस, इटलीतले, ख्रिस्ती धर्मातल्या डॉमिनिकन पंथाचे साधू, पॅरिसला शिकवायचे, 1274 साली वारले. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ख्रिस्ती धर्मविचारांवरच्या ग्रंथात कायद्यावर एक मोठा भाग आहे आणि त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जातच नाही बघा.

शहराला शत्रूचा वेढा पडलाय, हुकूम सुटलाय की वेशीची दारं बंद ठेवायची, उघडायची नाहीत. आणि ज्यांच्या जिवावर शहर तगून आहे तीच आपली माणसं बाहेर अडकलीत, शत्रू मागे लागलाय. पहारेकऱ्यानं काय करायचं? थॉमस म्हणतात, उघड दार! हुकूम काढला कशासाठी, शहर वाचावं म्हणूनच ना, मग शब्द धरून बसलास तर शहरच जाईल. पण लगेच पुढे बजावतात, हे फक्त अचानक आलेल्या संकटात, वरिष्ठांना विचारायला वेळच नसेल तेव्हा. वेळ असेल तर अधिकाऱ्याकडेच जायचं, ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावायचा नाही. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण इथे कोणालाच मोकळं रान दिलेलं नाही, ना राजाला ना पहारेकऱ्याला.

हे सगळं त्यांच्या व्याख्येतूनच येतं. कायदा म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी बुद्धीनं घालून दिलेली व्यवस्था, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानं केलेली आणि लोकांना जाहीर केलेली. म्हणजे राजाची नुसती मर्जी कायदा होत नाही, राजानं स्वतःच्या हावेपोटी लोकांवर बोजा लादला तर थॉमस त्याला सरळ जुलूम म्हणतात, आणि अन्यायी कायदा हा कायदाच वाटत नाही हे ऑगस्टीन या त्यांच्या कितीतरी आधीच्या ख्रिस्ती विचारवंताचं जुनं वाक्य पुढे करतात. तरी असा कायदा कधीकधी पाळावा लागतो असंही ते मान्य करतात, मोठा गोंधळ माजू नये म्हणून. मात्र देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारा असेल, उदाहरणार्थ मूर्तीपूजेची सक्ती, तर तो कधीच पाळायचा नाही.

1963 साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, वंशभेदाचे कायदे मोडायला आम्ही का तयार आहोत हे सांगणारं पत्र त्यांनी तिथूनच लिहिलं, आणि त्यात ऑगस्टीन आणि थॉमस, दोघांचाही नाव घेऊन आधार दिलाय.