सतरा मिनिटांचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

सामना रंगात आलेला असतो, आभाळ भरून येतं, मैदानावर आच्छादनं ओढली जातात आणि घरात कोणीतरी म्हणतं, "चला, चहा टाका." हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. आज मी तुम्हाला अशाच एका पावसाची गोष्ट सांगणार आहे. सतरा मिनिटांचा पाऊस. आणि खेळ आहे बेसबॉल.

साल २०१६. अमेरिकेतला शिकागो कब्ज हा संघ. कब म्हणजे बछडा. या बछड्यांनी शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं १९०८ साली. म्हणजे १०८ वर्षं झाली होती, श्रोतेहो, एकशे आठ! आपल्या जपमाळेत मणी किती? १०८. आणि बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे दुहेरी टाके असतात, तेही १०८च. १९४५ साली एका खानावळवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं, त्याचा तळतळाट संघाला भोवला, असं शिकागोत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मी शापबिप मानत नाही. पण आजोबा गेले, वडील गेले आणि विजय काही दिसला नाही, हे दुःख मी मानतो.

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर-एप्रिलला सुरू होतो आणि १६२ सामने चालतो. जवळजवळ रोज खेळायचं. मला हे फार आवडतं. रोजच्या खेळात माणसाचा कस लागतो. म्हणून तर आपल्या रणजी सामन्यांना रिकामी बाकं दिसली की माझा जीव तुटतो. चार दिवस उन्हात उभं राहणाऱ्या पोराला टाळी वाजवायला गावात शंभर माणसं मिळू नयेत? असो.

कब्जनी त्या वर्षी पहिल्या एकतीस सामन्यांतले पंचवीस जिंकले. जुलैच्या सुमारास गाडी घसरली, पुन्हा रुळावर आली. शेवटी हिशेब झाला १०३ विजय आणि ५८ पराभव. एक सामना पावसामुळे बरोबरीत सुटला. बेसबॉलमध्ये बरोबरी जवळपास होतच नाही. पावसाने आधीच चुणूक दाखवली होती म्हणायची!

अंतिम मालिका क्लीव्हलंडशी. सातपैकी चार जिंकेल तो विजेता. कब्ज एकास तीन असे मागे पडले, तिथून त्यांनी तीनास तीन केलं. आणि मग सातवा सामना. २ नोव्हेंबरची रात्र, मैदान क्लीव्हलंडचं.

खेळ नऊ डावांचा. आठव्या डावात कब्ज सहास तीन असे पुढे होते. क्लीव्हलंडने एक धाव काढली, सहास चार झाले. गोलंदाजीला, म्हणजे पिचर म्हणून, उभा होता कब्जचा आरोल्डिस चॅपमन. ताशी १०० मैलांनी चेंडू टाकणारा. पण आदल्या दोन्ही सामन्यांत त्याला राबवून घेतलं होतं, हात थकला होता. समोर क्लीव्हलंडचा राजाय डेव्हिस. त्याने दांडा जरा वर धरला होता. चेंडू आला, टोला बसला, डाव्या कडेने थेट भिंतीपलीकडे! दोन धावा. सहास सहा. नववा डावही तसाच संपला, आणि आभाळ फुटलं.

सतरा मिनिटं. फक्त सतरा मिनिटं पाऊस!

मैदानावर ताडपत्री पसरली. कब्जचे खेळाडू माना खाली घालून आत निघाले. चॅपमनच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा जेसन हेवर्डने सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत बोलावलं. हा हेवर्ड कोण? १८ कोटी ४० लाख डॉलर्सचा आठ वर्षांचा करार झालेला, आणि वर्षभर बॅट न चाललेला खेळाडू. लोकांनी त्याला काय काय बोलून घेतलं होतं! ज्याचं स्वतःचं वर्ष असं गेलं, तोच माणूस उभा राहिला. व्यवस्थापक नाहीत, प्रशिक्षक नाहीत, नुसते खेळाडू. वजनं आणि बाकडी यांच्यात दाटीवाटीने उभे. त्याने सांगितलं ते एवढंच, की १०३ सामने जिंकलेला संघ आपणच आहोत, झालं गेलं विसरा, एकमेकांसाठी खेळा. मग एकेक जण बोलू लागला. चॅपमनला जवळ घेतलं.

पाऊस थांबला. बरोबरी होती, म्हणून जादा दहावा डाव. पहिला फलंदाज काइल श्वार्बर. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, वर्ष गेलं असं सांगितलेला पोरगा, थेट अंतिम मालिकेत परतलेला. त्याने फटका मारला आणि पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठला. पुढे बेन झोब्रिस्टचा फटका डाव्या कडेने सुटला, एक धाव. मिगेल माँटेरोने आणखी एक आणली. आठास सहा. क्लीव्हलंडने एक फेडली. आठास सात!

शेवटचा चेंडू जमिनीवरून हळू आला. क्रिस ब्रायंट धावला, ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, आणि घसरता घसरता त्याने फेक केली. फेकताना तो हसत होता, श्रोतेहो. पहिल्या बेसवर अँथनी रिझोने चेंडू झेलला, फलंदाज बाद! रिझोने दोन्ही हात वर केले, आणि तो चेंडू मागच्या खिशात घातला.

१०८ वर्षं संपली.

त्या रात्री एक गृहस्थ वडिलांच्या कबरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. कब्ज अंतिम मालिकेत पोचले की सामना दोघांनी मिळून ऐकायचा, असं बापलेकांचं ठरलेलं. ऐकायचा कशावर? रेडिओवर. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. मराठी समालोचन पुन्हा गावोगावी ऐकू यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि शिकागोत, कब्जच्या घरच्या रिग्ली मैदानाच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावं लिहीत होते. आजीचं नाव, बाबांचं नाव, आज जे नाहीत त्यांची नावं. हाताला येईल तेवढी भिंत भरली, तेव्हा त्याच्याही वर कुठे जागा आहे का, ते बघू लागले.

नमस्कार.