पातळ पान, ओली शाई

[दृश्य : टेबलावर उघडा प्लॅनर. एक हात सोमवारचे पान उलटतो. मंगळवारच्या पानावर उलटी अक्षरे दिसतात.]

सोमवारी लिहिलेला मजकूर मंगळवारच्या पानावर उमटू लागला, की प्लॅनर वापरणारा माणूस आधी कागदाला बोल लावतो, मग पेन बदलतो आणि शेवटी कंटाळून पानाची एकच बाजू वापरू लागतो. वर्षभरासाठी घेतलेल्या वहीची निम्मी पाने अशी कोरीच राहतात. ही वेळ टाळायची असेल, तर पानाच्या पाठीवर नेमके काय घडले हे आधी ओळखावे लागते, कारण ‘शाई मागे आली’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या घटना दडलेल्या असतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडतोच असे नाही.

[दृश्य : भिंगाखाली तीन रेघा.]

पडद्यावरच्या पहिल्या रेघेला बारीक फाटे फुटले आहेत. शाई कागदाच्या तंतूंच्या वाटेने आडवी पसरली आहे. याला आपण शाई फुटणे म्हणतो. दुसऱ्या रेघेची कड स्वच्छ आहे, पण पान उलटले की मागे काळे ठिपके दिसतात. येथे शाई कागदाच्या जाडीतून उतरून खरोखर मागच्या बाजूला पोहोचली आहे, म्हणजे झिरपली आहे. तिसरी रेघ निर्दोष आहे. तिची शाई पुढच्या पृष्ठभागावरच थांबली आहे, फक्त कागद इतका पातळ आहे की ती मागून करड्या सावलीसारखी दिसते. दुसरी आणि तिसरी अवस्था एकमेकींपासून वेगळी काढायची असेल, तर पानाची मागची बाजू वर करून त्याखाली एक काळा कागद सरकवावा. केवळ सावली असेल तर ती बऱ्याच अंशी विरून जाते, कारण लिहिलेला आणि न लिहिलेला भाग यांच्यामागे आता सारखाच काळोख असतो. झिरपलेले ठिपके मात्र तसेच राहतात.

[दृश्य : वजनकाट्यावर दोन वह्या.]

मुळात प्लॅनरचा कागद पातळ का असतो, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. १०५ गुणिले १४८ मिलिमीटर आकाराची, दिवसाला एक पृष्ठ (पानाची एक बाजू) देणारी सुमारे ४०० पृष्ठांची वही कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या ८० जीएसएम कागदावर छापली, तर नुसत्या कागदाचेच वजन २५० ग्रॅमच्या घरात जाते. तीच वही ५२ जीएसएम कागदावर छापली तर ते १६० ग्रॅमवर येते आणि वहीची जाडीही त्या मानाने घटते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. तो आकडा वजन सांगतो. शाईशी तो कागद कसा वागेल, हे सांगत नाही. ५२ जीएसएमच्या उत्तम कागदावर फाउंटन पेन बिनघोर चालते आणि ८० जीएसएमच्या सामान्य कागदावर तेच पेन मागचे पान खराब करते, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो.

हा फरक पडतो तो खळीमुळे. कागद तयार होताना त्याच्या तंतूंना पाणी चटकन शोषता येऊ नये, म्हणून त्यांवर पाणी झिडकारणाऱ्या द्रव्याचा संस्कार केला जातो. पूर्वी त्यासाठी जिलेटिन आणि राळ वापरत, आजच्या गिरण्यांत अल्किल कीटीन डायमरसारखी रसायने वापरतात आणि वरून स्टार्चचा हातही देतात. खळ अजिबात नसलेला कागद म्हणजे टिपकागद. टिपकागदावर लिहून पाहिलेल्या कोणालाही खळीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कागद किती पाणी पितो हे मोजण्यासाठी कॉब कसोटी नावाची प्रमाणित पद्धत आहे. तिच्यात ठरावीक वेळात, बहुधा ६० सेकंदांत, कागदाने चौरस मीटरमागे किती ग्रॅम पाणी शोषले ते पाहतात. प्लॅनरच्या वेष्टनावर जीएसएमऐवजी हा आकडा छापला, तर पेन निवडणाऱ्याचे काम निम्मे हलके होईल, पण तसे कोणी करत नाही.

[दृश्य : कागदाच्या कडेवरून शाईचा थेंब हळूहळू शिरताना.]

पातळ कागद शाईला इतक्या लवकर का वाट देतो, याचे स्पष्टीकरण शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. सच्छिद्र पदार्थात द्रव किती खोल शिरतो याचे गणित १९१८ मध्ये लुकास यांनी आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडले. द्रवाने गाठलेली खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे ते गणित सांगते. म्हणजे दुप्पट खोल जायला शाईला चौपट वेळ लागतो. उलट बाजूने पाहिले तर, बाकी सर्व सारखे ठेवून कागदाची जाडी निम्मी केली, की शाईला मागची बाजू गाठायला निम्मा नव्हे, चौथाई वेळ पुरतो. याच सूत्रात शाईचा दाटपणाही येतो: शाई जितकी दाट, तितकी तिची चाल मंद. थोडक्यात, कागदाची जाडी आपल्या हातात नसली तरी शाईचा दाटपणा आणि तिचे प्रमाण या दोन गोष्टी आपल्याच हातात असतात, आणि पेनची निवड म्हणजे या दोन गोष्टींचीच निवड.

तिसऱ्या अवस्थेला, म्हणजे आरपार दिसण्याला, हे गणित लागू नाही. कागदाचा तंतू स्वतः पारदर्शक असतो. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक भासतो. पातळ कागदात अशा सीमा कमी, म्हणून काही उत्पादक त्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखी, प्रकाश जोराने विखुरणारी पूड मिसळतात. तरीही सावली थोडी राहतेच. शाईचा रंग थोडा सौम्य निवडणे, करडी, तपकिरी किंवा निळसर करडी शाई घेणे आणि रेघ बारीक ठेवणे, यापलीकडे तिच्यावर इलाज नाही. गडद काळ्या रुंद रेघेचा हट्टही धरायचा आणि मागची बाजू शुभ्र राहावी अशी अपेक्षाही ठेवायची, हे पातळ पानावर जमणारे नाही.

[दृश्य : बॉलपेनचे टोक, पानाच्या मागे उठलेले वळ.]

आता पेनांकडे वळू. बॉलपेन सर्वांत सुरक्षित, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो झिरपण्यापुरता खरा आहे. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये ज्या पेनचे पेटंट घेतले, त्याचे मर्मच असे होते की निबमधून वाहू न शकणारी दाट शाई फिरत्या गोळीने कागदावर आणून ठेवावी. ही तेलकट, लेपासारखी शाई पाण्याच्या शाईसारखी कागदात धावत नाही. पण ती उतरवण्यासाठी हात दाबावा लागतो, आणि पातळ पानावर हा दाब मागच्या बाजूने वळ उठवतो, शिवाय खालच्या दोन-तीन पानांवरही त्याचे खड्डे पडतात. प्लॅनरचे पान दोन्ही बाजूंनी लिहायचे असेल तर असे वळ शाईच्या डागापेक्षा अधिक त्रास देतात. एकच जागा अनेकदा गिरवली तर शाईतले तेल तंतूंमधल्या हवेची जागा घेते आणि तेवढा भाग पुढे अर्धपारदर्शक दिसू लागतो. तेलाचा हात लागलेल्या कागदाचे जे होते, तेच येथे थोड्या प्रमाणात होते. त्यामुळे बॉलपेन वापरायचेच असेल तर कमी दाटपणाच्या तेलकट शाईचे, हलक्या हाताने चालणारे निवडावे आणि लिहिताना पानाखाली एखादे कडक, गुळगुळीत पान ठेवावे. जपानमध्ये या कामासाठी प्लॅस्टिकचा पातळ तक्ता मिळतो, त्याला शिताजिकी म्हणतात. साध्या पुठ्ठ्यानेही काम भागते.

बॉलपेनसारखेच दिसणारे पण पाण्यासारखी पातळ शाई भरलेले रोलरबॉल पेन मात्र प्लॅनरपासून दूर ठेवावे. त्याची शाई केशाकर्षणाने आपसूक उतरत राहते. लिहिणारा विचार करायला थांबला आणि टोक कागदावरच टेकलेले राहिले, की तेथे ठिपका वाढत जातो आणि मागच्या पानावर निघतो.

[दृश्य : बारीक जेल पेनने लिहिलेली छोटी अक्षरे.]

या दोघांच्या मधली जागा जेल पेनने घेतली. साकुरा या जपानी कंपनीने १९८४ मध्ये जेल शाईचे पेन बाजारात आणले. या शाईचा गुण असा, की ती स्थिर असताना दाट असते, गोळी फिरू लागली की त्या घर्षणाने पातळ होते आणि कागदावर येताच पुन्हा घट्ट होते. वॉशबर्न यांच्या सूत्राच्या भाषेत सांगायचे, तर ती वाहायच्या वेळी वाहते आणि शिरायच्या वेळी अडते. तिच्यात रंगद्रव्य विरघळलेले नसून सूक्ष्म कणांच्या रूपात असेल, तर ते कण बहुतांश पृष्ठभागावरच अडकून राहतात. विरघळलेला रंग मात्र पाणी जाईल तेथे त्याच्यासोबत जातो. माझ्या मते पातळ प्लॅनरसाठी पहिले पेन घ्यायचे ते ०.३८ मिलिमीटरचे, कणयुक्त शाईचे जेल पेन. ०.५ चे टोक अक्षर मोठे असणाऱ्यांना चालेल. ०.२५ किंवा ०.३ चे टोक शाई आणखी कमी सोडते हे खरे, पण ते मऊ कागदाला ओरखडते आणि कधी तंतू उकरून स्वतःच अडून बसते.

फाउंटन पेनप्रेमींना ही शिफारस रुचणार नाही, आणि त्यांची बाजू कमकुवत नाही. तोमोए रिव्हर हा ५२ जीएसएमचा कागद नावाजला गेला तो त्यांच्यामुळेच. होबोनिची या जपानी प्लॅनरने तो वापरला, आणि इतक्या पातळ पानावरही शाई फुटत नाही, उलट तिच्या छटा अधिक खुलतात, हे जगभरच्या लेखकांनी पाहिले. हे ज्या कारणाने घडते, त्याच कारणाने या कागदाचा दोषही निर्माण होतो. शाई आत शिरत नाही, वरच साचून सावकाश वाळते. म्हणून तिची छटा खुलते आणि म्हणूनच ती बराच वेळ ओलीही राहते. निवांत बसून पानभर लिहिणाऱ्याला याने काही बिघडत नाही. पण प्लॅनरमध्ये माणूस निवांत लिहीत नाही. तो उभ्या उभ्या दोन ओळी टिपतो आणि वही मिटतो. मिटलेल्या वहीत त्या दोन ओळी समोरच्या पानावर उमटतात आणि दोष पुन्हा कागदाच्या माथी बसतो.

[दृश्य : टिपकागदाची पट्टी पानांमध्ये ठेवली जाते.]

म्हणून प्लॅनरसाठी फाउंटन पेन घेताना निब सुबक आहे का, यापेक्षा ती किती ओली चालते याची चौकशी आधी करावी. जपानी बनावटीची ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा साधारणपणे बारीक असते आणि प्लॅनरच्या छोट्या चौकोनांना तीच सोयीची पडते. शाईतही भेद आहे. ज्या शाईत पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये अधिक, ती निबमधून सुरेख वाहते आणि तितक्याच सुरेखपणे कागदातही शिरते. मायफळातील टॅनिन आणि हिराकस यांपासून होणारी जुन्या परंपरेची लोहशाई मात्र सहसा कमी फुटते आणि कमी झिरपते. आजच्या सौम्य मिश्रणांत पूर्वीइतकी आम्लता नसते, तरीही पेन वेळोवेळी पाण्याने धुवावे लागते आणि शाई त्यात महिनोन्‌महिने पडू देता येत नाही. चालू आठवड्याच्या पानात टिपकागदाची एक पट्टी खुणेसारखी ठेवली, तर वही मिटण्याची घाई निभावून जाते.

पुसता येणाऱ्या शाईची पेने प्लॅनरमध्ये लोकप्रिय आहेत, कारण बेत बदलतात. पायलट कंपनीच्या फ्रिक्सियन पेनची शाई घासण्याने निर्माण झालेल्या उष्णतेमुळे, सुमारे ६० अंश सेल्सियसला, रंगहीन होते. ती पुसली जात नाही, फक्त अदृश्य होते. उन्हात बंद मोटारीत राहिलेली वही यामुळे कोरी दिसू शकते, आणि ती कडाक्याच्या थंडीत, उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत, ठेवली की अक्षरे परत दिसू लागतात. त्यांच्यासोबत मुद्दाम घालवलेली अक्षरेही परत येतात. भेटींच्या वेळा अशा शाईने लिहाव्यात, पैशांच्या नोंदी लिहू नयेत.

ठळक करण्यासाठी ओला हायलायटर नकोच. तो जेल शाई ओढत नेतो आणि पान आकसवतो. रंगीत पेन्सिल तेच काम कोरडेपणाने करते. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर तर एकाच्या नव्हे, दोन-दोन पानांच्या पलीकडे जातात.

[दृश्य : वहीचे शेवटचे पान. एकामागून एक पेने चालवली जातात.]

निवड पक्की करण्यापूर्वी प्लॅनरचे शेवटचे पान चाचणीसाठी राखून ठेवावे. प्रत्येक पेनने नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या अक्षरात एक ओळ लिहावी, एकमेकींना छेदणाऱ्या चार रेघा ओढाव्यात आणि टोक एका जागी मनात पाच आकडे मोजेपर्यंत टेकवावे, कारण खरी परीक्षा ओळीत होत नाही, ती थांबण्याच्या जागी होते. मग ५, १५ आणि ३० सेकंदांनी बोट फिरवून ओल पाहावी. पान उलटून, काळा कागद वापरून, मागची बाजू तपासावी, आणि त्याच जागी मागूनही लिहून पाहावे. हाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी शाई तुटक उतरते, म्हणून तळहाताखाली एखादा कागद असावा. दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि त्याचे वागणे बदलते. प्रयोगशाळांत कागद तपासण्यापूर्वी तो २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे तो याचसाठी. कोरड्या ऋतूत उत्तीर्ण झालेले पेन पावसाळी हवेत पुन्हा एकदा त्याच पानावर चालवून पाहावे. नवीन वर्षाची वही आली की तेही पुरेसे नसते: कागदाचे नाव तेच राहून त्याचा उत्पादक बदलू शकतो, जसे तोमोए रिव्हरचे उत्पादन तोमोएगावा कंपनीकडून सान्झेनकडे गेले.

[दृश्य : चाचणीचे पान मागून. बहुतेक ओळींची फिकट सावली, एका कोपऱ्यात दोन ठळक ठिपके. हात त्या ठिपक्यांसमोरचे पेन उचलून बाजूला ठेवतो.]