टप्पा न पडलेला थ्रो

नमस्कार श्रोतेहो. आज बेसबॉल, आणि त्यातही जपानी खेळाडू इचिरो सुझुकी. नियमांना बिचकू नका. फटका मारायचा, पळायचं, एकेक करून तीन बेस गाठायचे आणि होम प्लेटवर परत यायचं, की झाला रन. दूर मोकळ्या मैदानात उभा असतो तो आउटफिल्डर. इचिरो उजवीकडचा. उजवीकडे हात दणकट लागतो, कारण तिथून तिसरा बेस फार लांब. हे लक्षात ठेवा, तिसरा बेस फार लांब.

आता 11 एप्रिल 2001. ओकलंडचं मैदान. जपानमध्ये सलग 7 वर्षं फलंदाजीत पहिला आलेला इचिरो नुकताच अमेरिकेतल्या सिअॅटल मरिनर्स संघाकडे आलेला. सडपातळ अंगाचा, त्यामुळे अमेरिकेत याचा निभाव लागेल का, अशी कुजबुज होतीच. आठवी इनिंग. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर. रॅमोन हर्नांडेझने चेंडू उजवीकडे मारला. लाँग दुसरा बेस ओलांडून थेट तिसऱ्याकडे निघाला. का नाही निघणार? तिसरा बेस लांब! इचिरो पुढे धावत आला, चेंडू उचलला आणि फेकला. उंच नाही, टप्पा नाही, सरळ रेषेत. तिसऱ्या बेसवर इचिरोचा सहकारी डेव्हिड बेल हातमोजा घेऊन उभा. चेंडू मोज्यात आला आणि त्यानंतर लाँग घसरत आला. आउट! मला बाद करायला अचूक थ्रोच हवा होता आणि तो अचूकच होता, असं लाँगने नंतर कबूल केलं. तिथे या प्रसंगाला नुसतं ‘द थ्रो’ म्हणतात.

आपल्याकडे मात्र बातम्यांत षटकारच दाखवतात. सीमारेषेवरून आलेला थ्रो कोणी दाखवत नाही. आणि इचिरो स्वतःचा हातमोजा स्वतः पुसायचा, तेल लावायचा. आपली पोरं किट मैदानातच टाकून येतात!

वेळ संपत आली, भरभर सांगतो. त्याच 2001 मध्ये सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान. 2004 मध्ये एका हंगामात 262 हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, 1920 पासूनचा 257चा विक्रम मोडून. क्षेत्ररक्षणासाठीचे 10 गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. 2019 मध्ये टोकियोत निवृत्ती, पंचेचाळिसाव्या वर्षी. 2025 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, 394 पत्रकारांनी मतं दिली, 393 त्याच्या बाजूने. उरलेल्या त्या एका पत्रकाराला काय खुपलं, देव जाणे. नमस्कार.