खेळ बनवणाऱ्याचं न दिसणारं काम

नमस्कार मंडळी. बोर्डगेम बनवते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयडिया सुचते कुठून?" आयडिया सुचते हो, कोणालाही सुचते, आंघोळ करताना सुचते, आणि एका दुपारीत पुठ्ठ्यावर मांडूनही होते. पण त्यानंतर वर्षभर, कधी तीन-चार वर्षं जे काम चालतं त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते काम तयार खेळात कुठे दिसतच नाही. जितकं नीट झालं तितकं कमी दिसतं. मला आज त्याच कामाबद्दल बोलायचंय.

पहिला प्रोटोटाइप, म्हणजे खेळाचा कच्चा नमुना, जितका साधा तितका बरा. जुन्या पत्त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, दुसऱ्या कुठल्या तरी खेळातल्या सोंगट्या, आणि आकडे पेन्सिलीने लिहिलेले, कारण ते खोडायचेच असतात. सुरुवातीलाच छान रंगीत प्रिंट काढली की खेळायला बसलेले लोक चुका दाखवायला संकोचतात, आणि आपल्यालाही ते फाडवत नाही.

मग गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. दोन फासे टाकले की 36 शक्यता, त्यातल्या 6 वेळा बेरीज 7 येते, 6 किंवा 8 प्रत्येकी 5 वेळा, आणि 2 किंवा 12 फक्त एकेकदा. आता कॅटान, म्हणजे फाशांवर येईल त्या आकड्याच्या जमिनीतून माल मिळवत बेटावर घरं बांधायचा खेळ, तो खेळलेल्यांनी आठवून बघा, आकड्यांच्या गोल चकत्यांवर आकड्याखाली बारीक ठिपके असतात, 6 आणि 8 खाली पाच ठिपके, 2 आणि 12 खाली एकच. म्हणजे ज्याला शक्यतांचं गणित येत नाही त्यालाही कुठे घर बांधावं हे नुसतं बघून कळतं. मला ते ठिपके फार आवडतात.

स्क्रॅबल बनवणाऱ्या अल्फ्रेड बट्सचंही तसंच. अमेरिकेतल्या मंदीत नोकरी गेलेला आर्किटेक्ट, त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून आपल्या शब्दखेळात कुठल्या अक्षराच्या किती टाइल आणि किती गुण ते ठरवलं. आणि मग एका जागी मोजणी मुद्दाम बाजूला ठेवली, एस फक्त चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दामागे एस लावून अनेकवचन करत बसला असता. आपण स्क्रॅबल खेळतो तेव्हा हे कोणाच्या मनात येतं का? पब्लिशर लोकांनी तो खेळ तेव्हा परत पाठवला होता, स्क्रॅबल हे नाव 1948 ला मिळालं, आणि खप वाढायला त्यानंतर अजून काही वर्षं गेली.

पण खरं काम प्लेटेस्टिंगचं. म्हणजे माणसं बसवायची, खेळायला द्यायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. गप्प बसणं हे सगळ्यात अवघड, कारण समोरचा नियम चुकीचा वाचतोय हे दिसत असतं आणि तोंड उघडायचं नसतं, तो जिथे चुकतोय तिथेच रूलबुकमधलं वाक्य बदलायचंय हे आपल्याला त्याच्याकडूनच कळणार असतं. मी काय बघते सांगते. कोण कधी मोबाईल उचलतो. "आता कोणाची पाळी?" हे किती वेळा विचारलं जातं, कारण ते विचारावं लागतंय म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत आपल्याला काही करायला नाहीये. अर्ध्या डावातच हरलेला भिडू पुढचा तासभर काय करतो. पत्ता हातात आल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर चमक येते. डाव संपल्यावर लोक लगेच उठतात की "मी तेव्हा तिकडे गेलो असतो तर" असं बोलत बसतात. हे दुसरं झालं की समजायचं, खेळात दम आहे.

आणि लोक उपाय सुचवतात, खूप सुचवतात, ते सगळं लिहून घ्यायचं. "याला अजून पैसे मिळायला हवेत", "हा पत्ता काढून टाका". माझा अनुभव असा की दुखतंय कुठे हे खेळणारा बरोबर सांगतो, त्याने सांगितलेलं औषध बहुतेकदा लागू पडत नाही. पैसे कमी वाटतात कारण तीन पाळ्यांपूर्वी जास्त खर्च करायला लागला, गाठ तिकडे असते.

शेवटच्या टप्प्यात तर आपण तिथे हजरसुद्धा नसायचं. अनोळखी लोकांना नुसता बॉक्स आणि रूलबुक द्यायचं, बघू जमतंय का. याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात आणि यात खेळ नापास झाला की परत मागे. कारण खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी समजावून सांगायला आपण जाणार नसतो.

यातून जे होतं ते मुख्यतः काढून टाकणं. कॅटान बनवणारा क्लाउस टॉयबर दिवसा डेंटल लॅबमध्ये काम करायचा आणि घरी तळघरात खेळ बनवायचा, घरचेच लोक पहिले खेळाडू. कॅटान ज्यातून निघाला तो खेळ आधी खूप मोठा होता, त्यात नवीन बेट शोधणं होतं, वस्ती होती, जमिनीसाठी भांडणं होती. त्याने तो तोडला, वस्तीचा भाग 1995 ला कॅटान म्हणून आला, आणि बाकीच्यातून पुढे वेगळे खेळ झाले. विचार करा, याआधी त्याला जर्मनीचा श्पील देस यारेस, म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार, 1988, 1990 आणि 1991 असा तीनदा मिळालेला होता, कॅटानने चौथा मिळवला, आणि तरी लॅब त्याने लगेच सोडली नाही, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सोडली. जे म्हणतात ना की एक खेळ हिट झाला की झालं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता नावाचं. काम दिसत नाही म्हणून माणूसही दिसत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 ला लँडलॉर्ड्स गेमचं पेटंट मिळवलं. जमीन मोजक्या लोकांच्या हातात गेली की भाडं भरून बाकीचे कसे कंगाल होतात हे लोकांना खेळातून कळावं, हा त्यांचा हेतू. तो खेळ हाताने कॉपी होत होत, बदलत बदलत पसरला, आणि 1935 ला पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणला तो चार्ल्स डॅरोच्या नावावर. मॅगींचं 1924 चं दुसरं पेटंट पार्कर ब्रदर्सने त्याच वर्षी 500 डॉलरला विकत घेतलं, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नाही. 1970 च्या दशकात राल्फ अन्स्पाख नावाच्या प्राध्यापकाचा त्याच्या अँटी-मोनोपॉली खेळावरून खटला चालू होता, त्यासाठी तो जुने कागद शोधत होता म्हणून हे सगळं बाहेर आलं. तोपर्यंत मॅगी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

म्हणून मला 1988 ची ती गोष्ट मोठी वाटते. न्यूरेम्बर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात काही डिझायनर जमले आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहून सह्या केल्या की बॉक्सवर वरच्या बाजूला आमचं नाव नसेल तर आम्ही पब्लिशरला खेळ देणार नाही. आज दुकानात बॉक्सवर डिझायनरचं नाव दिसतं त्यामागे त्या सह्या आहेत, आणि नाव नुसतं मानासाठी नसतं बरं का, कारण खेळाची मूळ पद्धत कॉपीराइटमध्ये येत नाही, नियमांचा लिहिलेला मजकूर येतो, चित्रं येतात, पण "फासा टाका आणि माल गोळा करा" ही कल्पना कोणीही वापरू शकतो, आणि पेटंट काढणं खर्चिक, लांबलचक. मग तुमच्याजवळ उरतं तुमचं नाव, की हिचा मागचा खेळ चांगला होता, पुढचाही बघू.

पैशांचं पटकन सांगते. पब्लिशरकडे दिलात तर रॉयल्टी, साधारण 5 ते 8 टक्के, पण ही टक्केवारी छापील किमतीवर नसते, पब्लिशर ज्या भावात माल पुढे देतो त्यावर असते, आणि तो भाव छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये हे वाक्य शोधा. अॅडव्हान्स परत करावा लागणार नाही ना ते बघा. आणि हक्क परत मिळण्याचं कलम हवंच, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पब्लिशरने खेळ छापला नाही, किंवा छापणं बंद केलं, तर खेळ तुमच्याकडे परत आला पाहिजे. हे कलम नसल्यामुळे चांगले खेळ कपाटात पडून राहिलेत आणि बनवणाऱ्याला ते दुसरीकडे देताही येत नाहीत. तर सही करायच्या आधी हे लेखी मागा, आणि बॉक्सवर नाव कुठे, केवढं, तेही त्यातच लिहून घ्या.